‘अंडर सेक्रेटरी फॉर मेमोरियल अफेअर्स’ : मराठीत काय म्हणावे?

विचारणा : अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यातील या पदासाठी ‘स्मारक व्यवहार अवर सचिव’ आणि ‘नॅशनल सेमेटरी’साठी ‘राष्ट्रीय हुतात्मा स्मशानभूमी’ असे शब्द वाचनात आले. ते योग्य आहेत का?

प्रतिसाद : माझ्या मते दोन्ही शब्द वाचकाची दिशाभूल करतात, आणि पहिला अधिक. आपल्या मंत्रालयात अवर सचिव म्हणजे कक्ष अधिकाऱ्याच्या वरचा आणि उपसचिवाच्या खालचा अधिकारी. अमेरिकेत मात्र ‘सेक्रेटरी’ हा मंत्रिमंडळाचा सदस्य असतो, त्याच्याखाली एक ‘डेप्युटी सेक्रेटरी’ आणि त्यानंतर आरोग्य, लाभ व दफनभूमी या तीन शाखांचे तीन ‘अंडर सेक्रेटरी’ असतात, ज्यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने करतात. ‘उपमंत्री’ म्हणावे, तर मराठी वाचकाला तो निवडून आलेला आमदार-खासदार वाटेल. म्हणून पदनाम देवनागरीत जसेच्या तसे ठेवून, पहिल्या उल्लेखात ‘राष्ट्रीय दफनभूमी प्रशासनाचे प्रमुख’ असा खुलासा जोडावा, हे मला सर्वांत निर्धोक वाटते. हे पदनाम आणि प्रशासनाचे आजचे नाव दोन्ही १९९८च्या कायद्याने आले, त्यामुळे त्याआधीच्या काळाविषयी लिहिताना ते वापरू नये.

‘मेमोरियल अफेअर्स’चा ‘स्मारक व्यवहार’ होत नाही, कारण ‘स्मारक’ म्हटले की आपल्यासमोर पुतळा किंवा स्तंभ उभा राहतो (आणि ‘व्यवहार’ म्हटले की पैसा). या शाखेचे काम दफनभूमी सांभाळणे, खासगी दफनभूमीतील माजी सैनिकांच्या थडग्यांसाठीही शिळा पुरवणे, राष्ट्राध्यक्षांच्या सहीचे स्मृतिपत्र देणे आणि राज्यांना दफनभूमीसाठी अनुदान देणे असे आहे. यासाठी ‘स्मृतिकार्य’ हा शब्द मला जवळचा वाटतो.

‘हुतात्मा’ हा शब्द तर टाळावाच. १८६२ साली लिंकन यांच्या काळात कायदा झाला, तेव्हा या भूमी यादवी युद्धात मेलेल्या सैनिकांसाठी होत्या, हे खरे. पण पुढे पात्रता वाढत गेली आणि आज तेथे सन्मानाने निवृत्त होऊन म्हातारपणी घरी वारलेले सैनिक, त्यांचे पती-पत्नी आणि अवलंबून असलेली मुलेही विसावतात. ‘माजी सैनिक’ हा आपल्याकडे रुळलेला शब्द असताना ‘व्हेटरन’साठी नवा घडवण्याचे कारण दिसत नाही. ‘स्मशानभूमी’पेक्षा ‘दफनभूमी’ बरा, जरी तेथे अस्थिकलशांसाठी कोनाडेही असतात.

पुरवणी विचारणा : मग वॉशिंग्टनजवळची प्रसिद्ध आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीही याच प्रमुखांकडे असेल ना?

प्रतिसाद : नाही, आणि येथे बातम्यांत वारंवार घोटाळा होतो. १९७३ साली लष्कराने आपल्या ८२ राष्ट्रीय दफनभूमी त्या वेळच्या माजी सैनिक प्रशासनाकडे सोपवल्या, पण आर्लिंग्टन स्वतःकडे ठेवले. गेटिसबर्गची राष्ट्रीय दफनभूमी राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे, तर नॉर्मंडीसारख्या परदेशातील दफनभूमी १९२३ साली स्थापन झालेल्या वेगळ्या आयोगाकडे आहेत. आपल्याकडे पुण्यातील खडकीच्या ‘वॉर सेमेटरी’ची देखभाल मात्र राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग करतो. तेथे महायुद्धकाळातले मृत आहेत, त्यामुळे ‘युद्धसमाधी’ हा शब्द तेथे शोभतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय दफनभूमींना तो सरसकट लावता येणार नाही.