एकच कोर्स, तीन पोर्टलं आणि भलतीकडेच उघडणारी लिंक

पाणबुडी_ताई
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका पंप कारखान्यात मी ट्रेनिंगचं काम बघते. कॉम्प्युटरची माणूस नाही, त्यामुळे जरा सावकाश सांगा.

आमच्याकडे तीन मूडल साइट आहेत (मूडल म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर). एक कारखान्यातल्या लोकांची, दुसरी डीलरांची, तिसरी मिस्त्री आणि वाइंडरांची, म्हणजे मोटरचं वाइंडिंग करणाऱ्यांची. पत्ते वेगळे, लॉगिनही वेगळी. डीलरांचे दर मिस्त्र्यांना दिसू नयेत म्हणून माझ्या आधीच्यांनी असं केलं म्हणे.

सिंगल फेज पॅनेलमधला स्टार्ट आणि रन कॅपॅसिटर तपासण्यावर मी छोटा कोर्स केला. स्टाफच्या साइटवर बनवला, बॅकअप काढला आणि बाकी दोन्हीकडे रिस्टोअर केला. मग आपल्या ब्राउझरमधली लिंक उचलून मिस्त्र्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. संध्याकाळपर्यंत नुसते फोन. "ताई, पासवर्ड चुकतोय." चुकणारच, ती स्टाफची साइट!

दुसऱ्या दिवशी मी हुशारी केली. लिंकमधलं सुरुवातीचं नाव तेवढं बदलून मिस्त्र्यांच्या साइटचं घातलं. पुढचं आयडी ४७ तसंच ठेवलं. लॉगिन झालं आणि उघडला काय, तर आगीपासून बचावाचा कोर्स. दोघातिघांनी तो पुराही केला, बिचाऱ्यांनी.

आता घाई अशी की हाच कोर्स क्यूआर कोड करून पंपाच्या खोक्यातल्या माहितीपत्रकावर छापायचाय. छापखान्याला शुक्रवारी फाइल द्यायची आहे. खोकं डीलर उघडेल की मिस्त्री, मला काय ठाऊक. तिन्हींना चालेल अशी एक लिंक होते का?

रात्रपाळी
ताई, ४७ हे कोर्सचं नाव नव्हे, त्या साइटच्या डेटाबेसमधला ओळीचा नंबर आहे. तुमचे डेटाबेस तीन. रिस्टोअर केलं की कोर्सला तिथला पुढचा मोकळा नंबर मिळतो. गल्ली बदलली की ४७ नंबरच्या घरात दुसरंच कुटुंब राहतं, तसं. आगीचा कोर्स निघाला हे नशीब, दरपत्रक निघालं असतं तर?

तिन्हीकडे कोर्सच्या सेटिंगमध्ये जा. 'कोर्स आयडी नंबर' नावाचा रकाना बहुधा रिकामा असेल. त्यात तिन्ही ठिकाणी एकच खूण भरा, इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता, समजा 'कॅप०१'. एका साइटवर ती खूण एकाच कोर्सला देता येते, त्यामुळे गोंधळ होत नाही. मग लिंकमध्ये 'आयडी=४७' च्या जागी 'आयडीनंबर=कॅप०१' लिहा. मूडलला हे मुळातच कळतं, काही बसवावं लागत नाही. आता साइटचं नाव बदललं तरी मागची शेपटी तीच राहील. लॉगिन मागितलं तरी नंतर माणूस त्याच कोर्सवर येतो, फक्त त्याचं नाव कोर्सला लावलेलं हवं.

ही सोय कोर्सपुरतीच आहे. आतल्या चाचणीची लिंक थेट देऊ नका, तिथे नंबरच चालतो.

आणि कोर्सच्या मजकुरात "आधी अमुक कोर्स करा" अशी लिंक दिली असेल तर तपासा. रिस्टोअर करताना कोर्सच्या स्वतःच्या आतल्या लिंका मूडल दुरुस्त करतं. दुसऱ्या कोर्सकडे जाणारी मात्र जुन्या साइटलाच चिकटून राहते.

ओसरीवरचा
छापायचं असेल तर मूडलची कुठलीच लिंक कागदावर नको. उद्या साइटचा पत्ता बदलला की गोदामातली खोकी तुमच्या नावानं खडे फोडतील. क्यूआरमध्ये कंपनीच्या वेबसाइटवरचं एक साधं पान द्या. त्यावर तीन मोठी बटणं: कर्मचारी, डीलर, मिस्त्री. प्रत्येकामागे रात्रपाळींनी सांगितलेली लिंक. पुढे काहीही हललं तरी तुम्ही बटणामागचं बदलाल, कागद तोच राहील.

चॉक_डस्टर
मी पॉलिटेक्निकात मूडल सांभाळतो. माझं मत वेगळं आहे. एका कोर्सच्या तीन प्रती हेच दुखणं आहे. एका प्रश्नाचं उत्तर चुकलं की तीनदा सुधारायचं, आणि तिसरीकडे हमखास राहून जातं. स्टाफच्या साइटवरून कोर्स 'एलटीआय टूल' (एका साइटवरचा कोर्स दुसऱ्या साइटवरून उघडायची सोय) म्हणून प्रकाशित करा आणि बाकी दोन्हीकडे 'एक्सटर्नल टूल' म्हणून जोडा. मिस्त्री आपल्याच साइटवर लॉगिन करतो, कोर्स मूळ जागेचा दिसतो, गुण त्याच्या साइटवर परत जातात. नव्या खिडकीत उघडेल असं ठेवा, चौकटीत ठेवलंत तर कुकीवरून ब्राउझर अडवतो. मूळ साइटवर प्रत्येकाचं एक सावलीसारखं खातं तयार होतं, ते बघून घाबरू नका.

रात्रपाळी
@चॉक_डस्टर बरोबर आहे सर, पण शुक्रवार तोंडावर आहे. एलटीआय पहिल्यांदा जोडायला मला स्वतःला दोन रात्री लागल्या होत्या.

पाणबुडी_ताई
सगळ्यांचे आभार. खूण भरली, तिन्हीकडे चालली. सुरक्षेच्या कोर्सची लिंक खरंच स्टाफच्या साइटवर जात होती, ती काढून टाकली. वेबसाइटवाल्या मुलानं बटणांचं पान अर्ध्या तासात करून दिलं. एलटीआय दिवाळीनंतर, सर. तेव्हा परत त्रास देईन.

छापायच्या आधी कागदावर क्यूआर काढून गांधीनगरातल्या एका वाइंडरकडे गेले. त्यांनी फोन धरला, पान उघडलं आणि बोट डीलरच्या बटणावर. म्हटलं, "अहो, तुम्ही मिस्त्री ना?" तर म्हणाले, "दुकानाची पाटी वाचली नाही का ताई? पंप विकतो पण मीच." त्यांच्याकडे डीलरचं लॉगिनच नाही, मिस्त्र्यांचंच आहे. आता बटणांवर काय लिहू?

ओसरीवरचा
माणूस कोण ते विचारूच नका, लॉगिन कुठलं ते विचारा. मिस्त्र्यांच्या साइटवर युजरनेम म्हणून काय देता?

पाणबुडी_ताई
मोबाइल नंबर. डीलरांना डीलर कोड.

ओसरीवरचा
मग बटणांवर तेच: 'मोबाइल नंबरानं लॉगिन', 'डीलर कोडनं लॉगिन'. कर्मचाऱ्यांचं बटण खाली बारीक, खोकं उघडणाऱ्यांत ते थोडेच.

पाणबुडी_ताई
केलं. परत गेले नाही, फोनवरच लिंक पाठवली. पाच मिनिटांत त्यांचा स्क्रीनशॉट आला, चाचणीत दहापैकी नऊ. एक गेला तो रन कॅपॅसिटरचा. तो प्रश्नच मी चुकीचा टाइप केला होता, आता तिन्हीकडे सुधारत बसलेय.