घर बांधताना मटेरियलसह फुटाचा ठेका द्यावा की आयटम रेट?

ओळंबा:
तालुक्याच्या गावी हजार चौरस फुटांचं बैठं घर बांधायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'फुटाला काय भाव?' मटेरियलसह फुटावर ठेका देऊच नये असं माझं मत आहे. त्या एका आकड्यात सिमेंट किती, लोखंड किती, पाया किती खोल, काहीच दिसत नाही. स्लॅबची ८ मिमी सळई सहा इंचांऐवजी आठ इंचांवर बांधली की त्या दिशेचं पाव लोखंड वाचलं. पाच इंचांऐवजी साडेचार इंच भरलं की काँक्रीट दहा टक्के वाचलं. गिलावा झाल्यावर यातलं काही दिसत नाही, भाव मात्र तोच.

त्यापेक्षा आयटम रेट, म्हणजे प्रत्येक कामाचा वेगळा दर आणि झालेल्या मापावर पैसे. आधी आर्किटेक्टचा नकाशा, त्यावर आरसीसी डिझाइन (काँक्रीट-लोखंडाच्या सांगाड्याचा आराखडा), मग परिमाणांसह अंदाजपत्रक. दराचा रकाना कोरा ठेवून तेच तीन ठेकेदारांना द्या. खोदाई, काँक्रीट, वीटकाम घनमीटरवर, लोखंड किलोवर, गिलावा चौरस मीटरवर. काळ्या मातीत तर हे करायलाच हवं. मुरूम चार फुटांवर लागेल की नऊ, हे खोदल्याशिवाय कळत नाही. फुटाच्या भावात ठेकेदार चार धरतो आणि पुढचं 'जादा काम' म्हणून मनाला येईल त्या दरानं लावतो.

थापी:
कागदावर छान दिसतं. मालक नोकरीला ठाण्यात आणि घर पाटणला, मग प्रत्येक बिलाची मापं कोण घेणार? शेवटी ठेकेदारच मापं लिहितो. खोदाई आणि भरावाची फुगवतो, कारण बुजल्यावर ती तपासताच येत नाहीत.

शिवाय आयटम रेटच्या नावाखाली बहुतेक जण नुसता लेबर रेटच देतात. माल मालकाचा, त्यामुळं वाया गेला तरी ठेकेदाराला झळ नाही. १२ मीटरच्या सळ्या कशाही कापून तुकड्यांचा ढीग, पावसात भिजलेली पोती, संध्याकाळी उरलेला माल तसाच घट्ट होऊन टाकलेला. वाळू आली नाही म्हणून माणसं बसली तर ती मालकाची चूक, आणि लोखंड महागलं तर तीही मालकाचीच धोंड. मटेरियलसह ठेक्यात हे सगळं ठेकेदाराच्या डोक्यावर जातं.

फुटाचा भाव चालतो, करार मोघम असला तर चालत नाही. बाल्कनी अर्धी धरायची की पूर्ण, जिन्यावरची केबिन आणि छज्जे मापात की बाहेर, जोतं किती फुटांपर्यंत भावात, पाया ठरल्यापेक्षा खोल गेला तर जादा फुटाचा दर काय, हे आधीच लिहून घ्या. पाण्याची टाकी, सेप्टिक टँक आणि कंपाउंडची भिंत सहसा भावाबाहेर असतात. भांडणं तिथंच लागतात.

ओळंबा:
करारात 'उत्तम प्रतीचं सिमेंट' लिहिलं म्हणून पोती किती पडली ते कळतं का? हिशेब करू. हजार चौरस फूट, पाच इंच जाडी म्हणजे ४१६ घनफूट, साधारण ११.८ घनमीटर. एम-२० ला (घराच्या स्लॅबला वापरतात त्या ताकदीचं काँक्रीट) घनमीटरमागं सिमेंटची आठ पोती धरली तर नुसत्या स्लॅबला ९४-९५ पोती, बीमची वेगळी. ओतायच्या आदल्या दिवशी साइटवर थप्पी मोजायची. लोखंडासाठी व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. १२ मिमीची १२ मीटर सळई १०.६७ किलोच्या आसपास भरली पाहिजे, पाचेक टक्के इकडंतिकडं.

आणि जीएसटी? स्वतःच्या स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामाचा निव्वळ मजुरीचा ठेका करमुक्त आहे. मटेरियलसह घेतला की पूर्ण रकमेवर १८ टक्के.

थापी:
अर्धाच हिशेब सांगितलात साहेब. मालक सिमेंट विकत घेतो तेव्हा त्यावरचा जीएसटी भरतोच, आणि तो त्याला परत मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी तो २८ टक्के होता, आता १८. नोंदणीकृत ठेकेदाराला मालावरच्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो त्याच्या भरायच्या करातून वजा होतो. त्यामुळं खरा फरक मजुरी आणि नफ्याच्या भागापुरता राहतो. तेवढ्यासाठी बिनबिलाचं काम करून घेऊ नका. घरबांधणी ग्राहक कायद्याच्या 'सेवे'त येते, पण तक्रार करायला हातात कागद लागतो. महारेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण) स्वतःच्या घराच्या ठेक्याला लागू नाही, हे अनेकांना तंटा झाल्यावर कळतं.

गुण्या:
ठेका कुठलाही द्या, घर बिघडतं ते ओतायच्या दिवशी. मिक्सरवाला काँक्रीट पळावं म्हणून पाइप सोडून ठेवतो. एम-२० च्या एका पोत्याच्या घाणीला (मिक्सरच्या एका खेपेला) ३० लिटरच्या वर पाणी नको, क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) ओली असेल तर आणखी कमी. दुसरं, बाल्कनीची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. बिगारी तिच्यावरून घमेली घेऊन चालतात, खाली खुर्च्या (सळई उचलून धरणारे लोखंडी आधार) नसतील तर ती दबून तळाला जाते, आणि टेकू काढल्यावर भिंतीलगत वरून तडा येतो. तिसरं, कॉलम-बीमच्या सांध्यात रिंगा (उभ्या सळयांना वेढणारी लोखंडी कडी) घालायला अडचण होते म्हणून फिटर त्या गाळतात. रिंगांच्या टोकांचे आकडे ९० अंशांतच सोडतात, ते १३५ अंशांत आत वळवलेले हवेत.

हे बघायला आर्किटेक्ट रोज उभा राहील अशी समजूत करून घेऊ नका. त्याच्या फीमध्ये अधूनमधून भेट असते, रोजचा सुपरवायझर मालकानं वेगळा नेमायचा असतो. पण सळई बांधून झाल्यावर आरसीसी डिझाइनरची लेखी सही आल्याशिवाय ओतायचं नाही, हे कलम कुठल्याही करारात बसतं. नोंदणी तपासताना आर्किटेक्ट परिषदेची आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची वेगवेगळी पाहा, एकाच शिक्क्यावर दोन्ही कामं खपवणारे भरपूर आहेत.

फरशी:
जुन्या फ्लॅटच्या दुरुस्तीलाही फुटाचा भाव लावतात, तो द्यावा का?

ओळंबा:
मुळीच नाही. तोडफोड केल्याशिवाय आत काय निघेल ते कळत नाही, त्यामुळं आयटम रेटच. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवायच्या आधी ४८ तास पाणी तुंबवून खालच्या घराचं छत बघा, मगच ते बिल द्या.

थापी:
इथं मान्य. नव्या घरात मात्र ठेक्याच्या प्रकारापेक्षा हप्ते जास्त महत्त्वाचे. ठेकेदाराचं वेळापत्रक स्लॅबपर्यंत सत्तर टक्के मागत असेल तर सही करू नका. स्लॅब झाला की उरलेल्या पैशात वीटकाम, गिलावा, फरशी, प्लंबिंग त्याला परवडत नाही आणि माणसं दुसऱ्या साइटवर जातात. प्रत्येक बिलातून पाच टक्के कापून एक पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवा.

गुण्या:
कराराला क्यूब टेस्टही जोडा, म्हणजे त्याच काँक्रीटचे ठोकळे ओतून लॅबमध्ये दाबून ताकद तपासायची. ६ ते १५ घनमीटर काँक्रीटला दोन नमुने, नमुन्यात तीन क्यूब. क्यूब ओतताना मिक्सरच्या तोंडाशी मालकाचा माणूस हजर हवा, नाहीतर क्यूबसाठी वेगळी, जास्त सिमेंटची घाणी निघते. टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखाली निदान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखालीही १४. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा पुढच्या साइटवर न्यायच्या असतात, तो पाचव्याच दिवशी घाई करतो. टेस्टचा खर्च दरात धरा, पण लॅब मालकानं ठरवायची.