शब्दचर्चा : ग्लिया म्हणजे नुसती ‘आधारपेशी’?

फोंडा : माझं वाक्य असं आहे : ‘माणसाच्या चेतापेशी चिंपांझी किंवा मकाकपेक्षा सावकाश पक्व होतात, आणि त्यात ग्लियाचाही वाटा असू शकतो.’ इथे ग्लियाला, म्हणजे मेंदूत चेतापेशींसोबत असणाऱ्या दुसऱ्या पेशींना, ‘आधारपेशी’ चालेल का? माणूस, चिंपांझी, मकाक ज्यात येतात त्या प्राइमेटला काय म्हणावं?

डिचोली : ‘आधारपेशी’ म्हटलं की कुळागरातल्या माडीवर, म्हणजे सुपारीच्या झाडावर, चढलेली मिरवेल डोळ्यांपुढे येते, जिथे माडी फक्त उभी असते. ग्रीक ‘ग्लिया’चा अर्थही सरस, म्हणजे चिकटवायचा गोंद; १९व्या शतकात जर्मन वैद्य फिर्खोंनी नाव दिलं तेव्हा समजूत तशीच होती. पण १९९७मध्ये फ्रिगर आणि बॅरेस या संशोधकांनी दाखवलं की ग्लियाविना वाढवलेल्या चेतापेशींच्या संधी (पेशी-पेशींमधले जोड) दुबळ्या राहतात. ॲस्ट्रोसाइट म्हणजे तारकापेशी, ग्लियाचाच एक प्रकार, थ्रॉम्बोस्पॉन्डिनसारखी प्रथिनं सोडतात, त्यांनी संधी जुळतात. ‘सहपेशी’ सुचेल, पण तो शब्द वनस्पतींच्या रसवाहिनीत आधीच वापरात आहे. मी ‘ग्लिया’च ठेवीन.

म्हापसा : सहमत. प्राइमेट म्हणजे ‘नरवानर गण’. ‘माकडं’ लिहू नका. मकाक हा आपल्या केलड्याचा, लाल तोंडाच्या माकडाचा, गट; चिंपांझी मात्र शेपटी नसलेला कपी.

फोंडा : मग ‘ग्लिया वेग ठरवतात’ असं लिहू?

डिचोली : ‘ठरवतात’ नको. माणसाच्या चेतापेशी उंदराच्या मेंदूत रोवल्या तरी त्या उंदरासारख्या काही आठवड्यांत पक्व होत नाहीत, महिने घेतात. २०१९च्या प्रयोगात हे दिसलं. म्हणजे घड्याळ बरंचसं पेशीच्या आतच असतं. ग्लिया ‘वेगावर परिणाम करतात’, एवढंच म्हणा.

म्हापसा : हा फरक तपासायचा तर पेशी वाढवायच्या चार बश्या लागतात : माणूस आणि चिंपांझी, दोघांच्या चेतापेशी दोघांच्याही ग्लियांबरोबर. सोयीसाठी सगळीकडे उंदराच्याच तारकापेशी घातल्या तर ग्लियातला फरकच पुसला जातो. चेतापेशी विभागत नाहीत, तारकापेशी विभागतात. आवर घातला नाही तर महिन्याभरात बशी त्यांनीच भरते आणि ‘जास्त ग्लिया’चा परिणाम ‘वेगळ्या ग्लिया’चा वाटतो. ग्लिया न घालता त्या ज्यात वाढल्या ते द्रव तेवढं घातलं तर स्रावाचा भाग वेगळा कळतो.

आणि ‘वाढ’ व ‘पक्वता’ एक नव्हेत. शाखा लांबणं ही वाढ. संधी जुळून विद्युत्-स्पंद नीट उमटणं ही पक्वता. तुमच्या वाक्यात ‘पक्व’ आहे ते तसंच राहू द्या.

फोंडा : ‘…त्या वेगावर ग्लियाही परिणाम करत असाव्यात.’ असं करते.

डिचोली : ‘असाव्यात’ महत्त्वाचं. ते गाळू नका.