मदत हवी आहे: आदिकारण मान्य केलं तरी ते येशूचा पिता कशावरून?

माझा धाकटा भाऊ पदार्थविज्ञान शिकतो. दोन महिने झाले, प्रार्थनेला बसत नाही. भांडत नाही, टवाळीही करत नाही. प्रश्न विचारतो आणि उत्तराची खरोखर वाट बघतो. म्हणूनच काहीतरी सांगून त्याची बोळवण करायला माझं मन घेत नाही.

मी कलाम युक्तिवाद मांडला: ज्याला सुरुवात आहे त्याला कारण असतं, विश्वाला सुरुवात आहे, म्हणून विश्वालाही कारण आहे. त्याची पहिली हरकत अशी, की महास्फोट म्हणजे शून्यातून उत्पत्ती असं भौतिकशास्त्र म्हणत नाही. मागे जात गेलं की तिथे आपली समीकरणं चालेनाशी होतात, एवढंच. हे मला मान्य करावं लागलं. ती कल्पना मांडणारे लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू, तरी तिचा देवाचा पुरावा म्हणून वापर त्यांना नको होता.

दुसरी हरकत मात्र जिव्हारी लागली. "हाच युक्तिवाद मुस्लिम धर्मपंडित अल-गझालीनेही मांडला ना? मग यातून येशू कुठे निघतो?"

मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंत ॲन्सेल्मचा युक्तिवाद मी काढलाच नाही. ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही ते असलंच पाहिजे, हे मलाच पटत नाही.

आदिकारणापासून ख्रिस्तापर्यंत तर्काने पोचता येतं का? नसेल, तर ते त्याला प्रामाणिकपणे कसं सांगू? पुस्तकांची यादी नको, ज्यांना स्वतःला हा प्रश्न छळून गेला त्यांनी लिहा.

प्रतिसाद १

महास्फोट बाजूला ठेवा. विश्वाला सुरुवात आहे हे तर्काने सिद्ध होत नाही, ते श्रद्धेने मानायचं, असं खुद्द मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत थॉमस ॲक्वायनस म्हणतात. त्यांचा आदिकारणाचा युक्तिवाद भूतकाळाबद्दल नाहीच, आत्ताच्या क्षणाबद्दल आहे. एक्स्टेंशन बोर्ड घ्या. त्यात दुसरा खोचा, त्यात तिसरा. बोर्ड कितीही वाढवले तरी त्यांची स्वतःची वीज नसते; दिवा लागलाय, म्हणजे वायर कुठेतरी उगमाशी जोडलेली आहे. "देवाला कोणी घडवलं?" असं विचारणारा देवालाही त्या रांगेतला एक बोर्ड धरतो.

अर्थात विश्व आहे ते आहे, त्याच्या कारणाचा प्रश्नच गैरलागू, असंही कोणी म्हणेल. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ च्या रेडिओवरच्या वादात हीच भूमिका घेतली. ती हसण्यावारी नेऊ नका.

येशूपर्यंत मात्र हा तर्क नेत नाही. तिथून पुढे प्रश्न साक्षीचा. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं प्रेषित पौल करिंथ इथल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात स्पष्ट लिहितो. ते पत्र वधस्तंभानंतर २०-२५ वर्षांतलं, आणि त्यातली साक्ष त्याला आधीच्यांकडून मिळालेली. भावाला तिथे न्या.

धागाकर्ता

काल रात्री खरंच तीन बोर्ड जोडून बसलो. तो बराच वेळ वायरकडे बघत राहिला, मग म्हणाला, "उगमाचं पटतंय. पण वीज कुणाचं ऐकत नाही ना. तू ज्याच्याशी बोलतोस तो ऐकतो, हे कशावरून?"

मी पौलाच्या त्या पत्राचा पंधरावा अध्याय उघडला. उठलेला ख्रिस्त ज्यांना दिसला त्यांची यादी तिथे आहे: केफा म्हणजे पेत्र, बारा शिष्य, पाचशेहून अधिक बंधू, मग याकोब. हा कोण, त्याने विचारलं. येशूचा भाऊ, प्रभूच्या हयातीत भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे, एवढं सांगितलं. तो म्हणाला, "याचं पुढे काय झालं, ते वाचू."

याकोबाबद्दल कोणी नीट अभ्यास केला असेल तर आजच लिहा. संध्याकाळी तिथूनच पुढे वाचायचंय.