प्रीमेड आणि ऑनर्स कॉलेज: घ्यावं की सोडावं? तुमचे अनुभव लिहा

एडिसनकर
लेकीला इथे अमेरिकेत राज्य विद्यापीठात प्रवेश मिळालाय आणि पाठोपाठ त्यांच्याच ऑनर्स कॉलेजचं (विद्यापीठातलाच निवडक मुलांचा विभाग) बोलावणंही आलंय. तिला डॉक्टर व्हायचंय, म्हणजे प्रीमेड: डिग्री करता करता मेडिकलच्या प्रवेशाची तयारी. १ मेच्या आत कळवायचं आहे. घरात दोन तट पडलेत. बाबा म्हणतात, मान मिळतोय तर घे. ती म्हणते, जीपीए (ग्रेडची सरासरी) सांभाळू की थीसिस (संशोधनाचा प्रबंध) लिहीत बसू? ज्यांनी स्वतः हे केलंय किंवा ज्यांच्या मुलांनी केलंय, त्यांनी मोकळेपणाने लिहा. 'मुलीचा कल बघा' एवढं सोडून काहीही चालेल.

काचपट्टी
मी पेन स्टेटच्या श्रेयर ऑनर्स कॉलेजचा. सध्या रेसिडेन्सी (मेडिकलनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) चालू आहे, म्हणून जमेल तसं लिहितो.

श्रेयरमध्ये थीसिस सगळ्यांनाच करावी लागते. त्यामुळे दुसऱ्या वर्षीच प्राध्यापकांच्या मागे लागून एका न्यूरोसायन्सच्या लॅबमध्ये शिरलो. काम काय, तर उंदराच्या मेंदूचे काप पाण्यातून बारीक ब्रशने उचलून काचपट्टीवर चढवायचे. घडी पडली की तो काप वाया. पहिलं अख्खं सत्र माझे निम्मे काप कचऱ्यात गेले आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्या) ताई काही न बोलता नवी डबी पुढे सरकवायच्या. पण त्याच लॅबमध्ये टिकून राहिलो, म्हणून मला आतून-बाहेरून ओळखणाऱ्या माणसाचं शिफारसपत्र मिळालं. मेडिकलच्या अर्जात, म्हणजे एएमकासमध्ये, जास्तीत जास्त १५ उपक्रम लिहिता येतात आणि त्यांतल्या ३ वर सविस्तर लिहायचं असतं. माझ्या त्या तिनांत थीसिस होती. मुलाखतींत तिच्यावर भरपूर बोलणं झालं. 'ऑनर्स' या शब्दाबद्दल मात्र एकानेही विचारलं नाही.

दुसरा फायदा कुणी फारसा सांगत नाही: कोर्सची नोंदणी इतरांआधी. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या लॅबची वेळ मनासारखी मिळाली, तर हॉस्पिटलमधल्या व्हॉलंटिअरिंगला एक दुपार मोकळी राहते.

बी_प्लस
वरच्यांचं पटलं, पण दुसरी बाजूही ऐका. कॉलेजचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे पहिल्याच वर्षी ऑनर्स केमिस्ट्री सक्तीची होती. वर्ग छोटा, त्यात निम्मी मुलं ऑलिंपियाडवाली, आणि ग्रेड कर्व्हवर, म्हणजे वर्गातल्या इतरांशी तुलना करून. साध्या वर्गात माझ्याइतकाच अभ्यास करणारी रूममेट ए घेऊन गेली, माझ्या हाती बी. एएमकासच्या हिशेबात बी म्हणजे ३.०, मग वर्ग ऑनर्सचा असो की साधा. वरून एक दशांशही मिळत नाही. शिवाय बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचा जीपीए ते वेगळा काढतात, म्हणजे ती बी दोनदा बोचते. दुसऱ्या वर्षानंतर मी ऑनर्स सोडलं, संशोधन तसंच चालू ठेवलं. सध्या मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

एडिसनकर ताई, 'ऑनर्स आहे का' यापेक्षा 'सायन्सचे ऑनर्स वर्ग सक्तीचे आहेत का' हे विचारा.

कोथरूडहून
अडाणी प्रश्न आहे, रागावू नका. आमच्याकडे बारावी झाली, नीट दिली की थेट एमबीबीएस. तिकडे आधी चार वर्षं प्रीमेडची डिग्री घ्यायची का?

बी_प्लस
काका, प्रीमेड नावाची डिग्रीच नसते. डिग्री कशातही घ्या, अगदी इतिहासात. सोबत बायोलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स वगैरे लॅबसकट करायचं आणि एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा द्यायची.

क्वीन्सची आई
आमचा निर्णय पैशावर झाला आणि त्यात लाज कसली? मुलगा क्यूनीच्या (न्यूयॉर्क शहराचं सरकारी विद्यापीठ) मॅकॉले ऑनर्स कॉलेजात आहे. न्यूयॉर्कच्या रहिवाशांना तिथे ट्यूशन फी भरावी लागत नाही. पुढे मेडिकलचा डोंगर आहेच. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद, आणि बाकीचं सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर, एकूण २ लाखांपर्यंतच. ऑनर्समुळे बीएचे पैसे वाचत असतील तर थीसिस काय, दोन लिहा. नुसतं वेगळं होस्टेल आणि वर जादा फी असेल, तर मी दोनदा विचार करीन.

फ्रिस्को_टेक्सास
थोडं विषय सोडून, पण एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलांच्या आईबाबांनी हे वाचाच. २१ पूर्ण झाली की मूल डिपेंडंट राहत नाही. ग्रीन कार्ड तोवर आलं नाही तर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो, आणि एफ-१ वाल्यांना घेणारी मेडिकल कॉलेजं मोजकी. आमच्या घरी ऑनर्सवर महिनाभर वाद चालला आणि या मुद्द्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

एडिसनकर
सगळ्यांचे आभार. आम्ही सिटिझन आहोत, त्यामुळे ती काळजी नाही. ऑनर्सच्या ऑफिसला फोन केला. सायन्सचे ऑनर्स वर्ग सक्तीचे नाहीत, ऑनर्सची क्रेडिट्स मानव्यविद्यांच्या सेमिनारमधून भरता येतात. मध्येच सोडलं तर ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) शेरा येत नाही. फी नाही. बाबा खूश.

आणि थीसिस सायन्समध्येच हवी असंही नाही म्हणे. हे ऐकल्यापासून लेकीच्या डोक्यात तिच्या साताऱ्याच्या पणजीच्या जात्यावरच्या ओव्या घोळताहेत. प्रीमेड असून असल्या विषयावर थीसिस केलेलं कुणी आहे का इथे? शिफारसपत्रं कुणाकडून घेतलीत?