मदत हवी आहे: नारळीकर सरांचं पोस्टकार्ड

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर २० मे २०२५ रोजी पुण्यात वारले. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून देईन. माझ्या थोरल्या भावाला असंच उत्तर आलं होतं. एवढा मोठा माणूस शाळकरी पोराला स्वतः लिहितो, याचं आजही भरून येतं. ते कार्ड परवा आईच्या ट्रंकेत सापडलं. शाई पार फिकी पडलीय, एक कोपरा कसरीने खाल्लाय, सही मात्र अजून वाचता येते.

येत्या १९ जुलैला, सरांच्या जन्मदिवशी, ते आमच्या वाचनालयात मांडायचंय. लॅमिनेशन करावं का? शाई आणखी उडू नये म्हणून काय करता येईल? जुने कागद जपणाऱ्या जाणकारांनी कृपया सांगा. आणि कुणाकडे सरांचं असं कार्ड असेल तर फोटो पाठवाल का? शेजारी लावू.