मदत हवी आहे: वडिलांची पेन्शन कायमची बंद करण्याची नोटीस, उत्तराला सहाच दिवस उरलेत

पाऊसवेडी
नमस्कार. बाबा महसूल खात्यात होते. त्यांना शिक्षा झाली, अपील केलंय, जामीनही मिळालाय. आता जुन्या ऑफिसातून कारणे दाखवा नोटीस आली आहे, पेन्शन कायमस्वरूपी का काढून घेऊ नये म्हणून. हायकोर्टात अपील चालू असताना असं करता येतं का? पेन्शन ही मेहरबानी नाही, हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय ना? आईने नोटीस नऊ दिवस देव्हाऱ्याखालच्या खणात दडवून ठेवली होती, काल पासबुक शोधताना माझ्या हाती लागली. तिचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, सगळं याच पैशांवर चालतं. वकील सोमवारशिवाय भेटणार नाहीत. उत्तरात काय लिहू, लवकर सांगा.

निवृत्त_कारकून
केस लाचेची की दुसरी? गुन्हा निवृत्तीआधीचा की नंतरचा? नोटिशीत पेन्शन नियमांतला २६ लिहिलाय की २७? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

बांधकरी
ताई, नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला होता का? आमच्या काकांची पेन्शन तेवढ्यावरून तीन महिने अडकली होती. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं.

पाऊसवेडी
दाखला दिलाय हो, प्रश्न तो नाही. केस लाचेची. सापळा २०१७, दोषारोपपत्र २०१८, निवृत्ती मे २०२०. तेव्हापासून तात्पुरती पेन्शन मिळते, ग्रॅच्युइटी अजून नाही. नोटिशीत नियम २७ आहे.

वसईवाला
मग घाबरू नका. चार वर्षांपूर्वीच्या घटनेवर पेन्शनरवर कारवाई करताच येत नाही. एवढं एक वाक्य लिहा, संपला विषय. माझ्या साडूने हेच केलं होतं.

निवृत्त_कारकून
वसईवाला, चुकीचं सांगू नका, समोरच्याचं घर त्यावर चालतंय. चार वर्षांची अट निवृत्तीनंतर सुरू केलेल्या कारवाईला आहे. इथे दोषारोपपत्र नोकरीत असतानाच गेलंय. तुमच्या साडूंची खातेनिहाय चौकशी असणार.

वसईवाला
चौकशीच होती. पण मुद्दा मांडायला काय जातं?

निवृत्त_कारकून
नोटिशीच्या उत्तरात लंगडा मुद्दा पहिला घातला की पुढचे चांगले मुद्देही कोणी वाचत नाही. तीस वर्षं अशी उत्तरं माझ्या टेबलावरून गेली आहेत.

सातबारा_त्रस्त
माझ्या वडिलांनी फेरफार नोंदीसाठी दोन वर्षं खेटे घातले. पैसे दिले नाहीत म्हणून नोंद झाली नाही, ती न बघताच ते गेले. लाच घेताना सापडलेल्याला लोकांच्या करातून जन्मभर पेन्शन का द्यायची?

पाऊसवेडी
तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. बाबांनी काय केलं ते कोर्ट ठरवेल, मी त्यावर वाद घालत नाही. मला आईचं बघायचंय.

कोर्टाची_पायरी
ताई, मी सेवाविषयक केसेस करते. बाबा निवृत्त आहेत, त्यांना आता बडतर्फ करता येत नाही, म्हणून खातं पेन्शनवर आलंय. तुम्ही म्हणता तो १९८२ चा नाकरा निकाल खरा आहे, पण तो इथे पुरत नाही. २०१३ च्या झारखंडच्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की पेन्शन ही मालमत्ता आहे, नियमाचा आधार नसेल तर रोखता येत नाही. महाराष्ट्रात १९८२ च्या पेन्शन नियमांतला २७ हाच तो आधार. तरी तोच नियम तुमच्या कामाचाही आहे. पेन्शन संपूर्ण किंवा अंशतः, कायमची किंवा ठरावीक मुदतीपुरती काढता येते असं त्यात आहे. म्हणजे 'कायमची संपूर्ण' हा एकच मार्ग खात्यापुढे नाही. अंशतः कपात झाली तर उरलेली पेन्शन सरकारने ठरवलेल्या किमान रकमेखाली नेता येत नाही. आईचं आजारपण, डायलिसिसची बिलं, दुसरं उत्पन्न नसणं हे कागदांसह लिहा आणि अपिलाच्या निकालापर्यंत थांबण्याची विनंती करा. आता एक सांगा: हायकोर्टाने शिक्षा स्थगित केली की दोषसिद्धी?

जुनी_पेन्शन_हवी
निदान तुम्हाला पेन्शन होती. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आम्हाला तीही नाही. आमदारांना मात्र आहे. २०२३ च्या मार्चमध्ये संप केला तो काय उगाच?

निवृत्त_कारकून
त्यासाठी वेगळा धागा काढा हो, इथे दिवस मोजून चाललेत.

पाऊसवेडी
आदेश काढून पाहिला. 'शिक्षेची अंमलबजावणी स्थगित' एवढंच आहे. दोन्ही एकच नाही का?

कोर्टाची_पायरी
नाही. शिक्षा स्थगित म्हणजे तुरुंगात जावं लागत नाही, दोषी हा शिक्का तसाच राहतो. त्यावर खातं कारवाई करू शकतं, १९९५ पासून सुप्रीम कोर्टाचं तेच म्हणणं आहे. दोषसिद्धीला स्थगिती लाचेच्या केसमध्ये फार क्वचित मिळते, तरी वकिलांना अर्जाचं विचारा. उद्या सकाळी ऑफिसात जाऊन पंधरा दिवसांची मुदतवाढ मागा, पोच घ्या, आणि निकालपत्राची प्रत जोडून थोडक्यात उत्तरही त्याच दिवशी द्या. मुदतवाढ मिळेलच असं धरून बसू नका. अंतिम आदेश विरोधात गेला तर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाता येतं.

वसईवाला
पोच घेताना शिक्क्यावर तारीख नीट उमटली का बघा. आमच्या वेळी ती पुसट होती, त्यावरून फार त्रास झाला.

पाऊसवेडी
मुदतवाढीचा अर्ज हातानेच लिहून ठेवलाय. बाबा सही करताना म्हणाले, आईला आकडा सांगू नकोस. किमान पेन्शन सध्या किती आहे ते कोणी सांगेल का? डायलिसिसचा खर्च त्यात बसतो का बघायचंय.